खाओ सोय, सांगलीच्या मंडईतून

थाई रस्सा करायचा म्हटलं की गाडी गलांगल (आल्यासारखं एक मूळ) आणि मकरूट लिंबाच्या पानांपाशी अडते. म्हणून तॉम खा (नारळाच्या दुधातलं सूप), हिरवी करी वगैरे सध्या बाजूला ठेवून उत्तर थायलंडातल्या चिआंग माईकडचा खाओ सोय धरलाय. नारळाच्या दुधातला पातळसर रस्सा, त्यात अंड्याचे नूडल्स, चिकनच्या तंगड्या. वाटण म्हणजे सुक्या मिरच्या, आलं, लसूण, बारके कांदे, हळद, धने, कोथिंबिरीची मुळं आणि मसाला वेलदोडा. सगळं इथेच मिळतं. युन्नानच्या मुस्लिम व्यापाऱ्यांबरोबर हा पदार्थ उत्तर थायलंडात आला असं मानतात. वेलदोडा भाजल्याचा वास आला की ते पटतंही.

मिरची ब्याडगी, भिजवून. तिखटपणाला दोन-चार लवंगी. काढणीचा हंगाम असेल तर हळद ओलीच घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिच्या गावात राहून पुडी कशाला फोडायची? कोथिंबिरीच्या जुडीची मुळं आपण कचऱ्यात टाकतो. ती धुऊन, खरवडून आधी मिठाबरोबर खलबत्त्यात कुटायची. मिक्सर चालतो, पण पाणी घालावं लागतं आणि मग वाटण परतायच्या ऐवजी शिजत बसतं.

आता नारळाचं दूध. आपण पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली माणसं. दूध पडलं की आच मंद, उकळी येऊ द्यायची नाही, फुटलं की संपलं. इथे नेमकं ते फोडायचंय. दोन नारळांचं पहिलं जाड दूध काढून तासभर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि वर धरलेली साय तेवढी कढईत घ्यायची. मध्यम आचेवर पाणी आटत जातं, दूध चोथ्यासारखं दिसायला लागतं आणि कडेने तेल सुटतं. त्याच तेलात वाटण परतायचं, वेगळं तेल नको. रश्श्यावर लाल तवंग येतो तो यामुळेच. डब्यातलं दूध बहुतेकदा फुटतच नाही, कारण ते फुटू नये म्हणूनच त्यात स्थिरक घातलेले असतात. तेच वापरायचं असेल तर सरळ चमचाभर खोबरेल (खायचं!) घाला.

वाटणाचा कच्चा वास गेला की तंगड्या, मग पातळ दूध, अर्धा-पाऊण तास मंद आच. फिश सॉस शेवटी आणि चव घेत घेत. तो खारट असतो, त्यामुळे मिठाचा हात आखडा. ताडाच्या साखरेऐवजी गुळाचा छोटा खडा.

वर तळलेले नूडल्स टाकतात. त्याऐवजी मी तळलेली कुरडई चुरून घातली. कबूल करा, जास्त कुरकुरीत लागते. घरातल्या काहींनी भडंग टाकून खाल्लं, त्यांच्याशी वाद घालत नाही. सोबत चिरलेला कांदा, लिंबू आणि आंबवलेली मोहरीची पानं लागतात. मोहरीऐवजी मुळ्याचा पाला मीठ चोळून, तांदळाच्या धुवणात बुडवून बरणीत ठेवला. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो. उग्र आहे, पण त्याशिवाय रस्सा जड वाटतो.

शाकाहारी खेपेला मशरूम आणि बटाटा, फिश सॉसच्या जागी सोया सॉस. बरं झालं, पण अंगात दम नव्हता. आता त्यात भाजलेल्या कांद्याचं पाणी घालून बघणार आहे. कोणी सुक्या मशरूमचं पाणी वापरलं असेल तर प्रमाण सांगा.