खऱ्या मालकाचे नाव मागताना: माझा अनुभव

विकसनशील देशांतून बेकायदा मार्गांनी बाहेर जाणाऱ्या पैशाचा अभ्यास करताना एका खाण कंपनीचा खरा मालक मला शोधायचा होता. संचालकांची नावे व ताळेबंद विनासायास मिळाले; परंतु सर्व समभाग युरोपीय संघातील एका देशात नोंदलेल्या दुसऱ्याच कंपनीकडे होते आणि तिच्या मालकाची नोंद पाहण्यासाठी तेथील निबंधक कार्यालयाकडे अर्ज करावा लागला.

सारे अडले ते तिथे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २२ नोव्हेंबर २०२२ रोजी अशा नोंदी सर्वांना खुल्या ठेवण्याची तरतूद अवैध ठरवली, तेव्हापासून संघातील अनेक देशांत अर्जदाराला आपला रास्त हितसंबंध, म्हणजे ही माहिती मागण्याचे सबळ कारण, दाखवावे लागते. माझ्याकडून त्या कंपनीच्या मनी लाँडरिंगशी असलेल्या संबंधाचा पुरावा मागण्यात आला. मालकच ठाऊक नसताना तो पुरावा आणायचा कुठून? कारण लिहिले की तपशील मागत, तपशील दिला की तो अपुरा ठरवत, आणि निर्णय कोण व किती मुदतीत घेणार हे कोणीच सांगत नसे. याचा संताप मला आजही येतो. नामधारी संचालक आणि महागडे वकील ज्याला परवडतात, त्याला लपण्याचे कारण कोणी विचारत नाही. ज्यांच्या देशातला पैसा जातो, त्यांनी मात्र प्रश्न विचारण्याचा अधिकार आधी सिद्ध करायचा. अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकासविषयक संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार आफ्रिकेतून दरवर्षी अंदाजे ८८.६ अब्ज डॉलर असे बाहेर जातात. जिथे करखात्याकडेच पुरेशी माणसे नाहीत, तिथल्या नागरिकाने ही लढाई कशाच्या बळावर लढावी?

अखेर प्रकाशित लेख आणि संपादकांचे पत्र जोडल्यावर परवानगी मिळाली. ही कागदपत्रे पहिल्याच अर्जाला जोडावीत, आणि नकार लेखीच मागावा, म्हणजे अपील करता येते. २०२४ च्या युरोपीय निर्देशाने पत्रकार व नागरी संस्थांचा हितसंबंध गृहीत धरला आहे. अर्जात त्याचा उल्लेख अवश्य करावा.

नोंदीत मात्र मालकाऐवजी एका व्यवस्थापकाचे नाव निघाले. कोणाचाही हिस्सा २५ टक्क्यांच्या वर नसल्याचे सांगितले, की नियमानुसार मालकाच्या जागी व्यवस्थापकाचे नाव पुरते. उपयोगी पडली ती ताळेबंदातील संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप: खाणीचा बहुतेक नफा कर्जावरील व्याजाच्या रूपाने समूहातल्याच तिसऱ्या कंपनीकडे जात होता. पुढचा अर्ज त्या कंपनीसाठी केला आहे.