दादा या रविवारीही आला नाही

रविवार, रात्र

चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी आशीर्वचन झाल्यावर मी मागे वळून पाहिले, तर शेवटचे बाक रिकामेच होते. मागच्या महिन्यात, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर वाटून घेतात त्या प्रभुभोजनाच्या रविवारी, दादा तिथे भिंतीच्या कडेला बसला होता. गीत सुरू झाले तेव्हा त्याने पुस्तक उघडलेसुद्धा नाही, सगळी कडवी तोंडपाठ म्हटली. भाकरीचे ताट त्याच्यापर्यंत आले तेव्हा त्याने ते दोन्ही हातांनी धरले, थोडा थांबला आणि काहीही न घेता शेजारच्याच्या हाती दिले. ज्याला प्रभूचे काही वाटेनासे झाले आहे, तो माणूस ताट इतके जपून पुढे देत नाही, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

मग दाराशी काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, "काय रे, झाला वाटतं पोरीचा कागद?" दादा हसला, त्याने काकांच्या गुडघ्याची चौकशी केली, चपला घातल्या आणि निघून गेला. तेव्हापासून तो आलेला नाही.

एवढ्याशा वाक्याने माझे मन इतके का पोखरावे? रात्री दिवा मालवला की तेच वाक्य ऐकू येते. किती दिवस मी त्याच्या घरी जात होते, वहिनींच्या हातचा चहा घेत होते, उपासनेचा विषय ओठांवर येऊनही काढत नव्हते. तो स्वतःहून येईल तेव्हाच येईल, या आशेवर होते. तो आला, आणि पायरीवरच सगळे संपले. अशा वेळी फार एकटे वाटते. घरभेटीला माझ्याबरोबर कोणी येत नाही, प्रार्थनेत मात्र 'दुरावलेल्यांना परत आण' असे सगळेच म्हणतात. पण ते राहू दे.

कागदाचे, म्हणजे जातीच्या दाखल्याचे, दुखणे आमच्या नगर जिल्ह्यातल्या घराघरांत आहे, त्यामुळे ते वाक्य कोणालाच परके वाटले नसेल. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती माणसाला तो आजही नाही. वस्ती तीच, आडनाव तेच, गावाने दिलेली वागणूकही तीच, पण मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पुस्तकात नाव असले की मुलांची सवलत जाते. म्हणून जात पडताळणीचा अर्ज केला की दक्षता पथक चौकशीला येण्याआधी भिंतीवरचा क्रूस पेटीत जातो, रविवारी बाहेरगावची कामे निघतात, आणि ती कामे पुढे संपतच नाहीत. दादाचे असेच झाले. त्याने विश्वास सोडला, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही काकांवर मला नीट रागावता येत नाही, आणि खरी बेचैनी बहुधा हीच आहे. थोरल्याच्या दाखल्यावर काकांनी 'ख्रिश्चन' हेच राहू दिले, पूर्ण फी भरली आणि त्यासाठी ओढ्याकडचे शेत विकले. प्रार्थनासभेत त्याविषयी ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. ज्याने किंमत मोजली, त्याला परत येणाऱ्याचे येणे स्वस्त वाटले, तर त्याला मी कोणत्या तोंडाने बोल लावू?

आणि हा प्रश्न आजचाही नाही. २५० साली रोमच्या देकियुस बादशहाने प्रत्येकाने देवतांना यज्ञ करून तसा दाखला घ्यावा, असे फर्मान काढले, तेव्हा कित्येक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला, आणि काहींनी यज्ञ न करता पैसे देऊन नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर ते मंडळीच्या दाराशी आले आणि तुरुंग सोसून आलेलेही तिथेच होते. २५१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला तिथले अध्यक्ष, म्हणजे बिशप, कुप्रियान यांनी सभा भरवली. तिथे दार बंदही झाले नाही आणि सताड उघडलेही नाही. नुसता कागद घेणारा आणि यज्ञ करणारा यांना एका मापाने मोजायचे नाही, एकेकाचे म्हणणे वेगळे ऐकायचे, असे ठरले. एकेकाचे ऐकायला किती रात्री लागल्या असतील, याचा विचार केला की माझे एकटेपण मला जरा हलके वाटते. हे काम पूर्वीपासूनच सावकाशीचे आहे, तर मीच का घाई करावी?

मला बायबलमधला बर्णबा फार जवळचा वाटतो. तो आणि पौल सुवार्ता सांगत फिरत. त्यांच्याबरोबर निघालेला मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परतला होता, म्हणून पौलाने त्याला पुन्हा बरोबर न्यायला नकार दिला, आणि पौलाचे म्हणणे गैर होते असेही नाही. बर्णबाने मार्काला घेतले आणि तो तारवात बसून कुप्राला, आपल्या मायभूमीला गेला. वाटेत तो मार्काशी काय बोलला, याचे एक अक्षरही शास्त्रात नाही. पुढे मात्र तोच पौल कलस्सैच्या मंडळीला लिहितो की मार्क आला तर त्याचा स्वीकार करा. हे त्याला मार्काला नव्हे, मंडळीला सांगावे लागले.

ईस्टरआधीच्या दुःखसहनाच्या सप्ताहात भजनांना पेटी कोण वाजवणार, असे आज पाळकसाहेबांनी विचारले आणि सगळे गप्प बसले. दादाला पेटी काकांनीच शिकवली आणि सराव अजूनही काकांच्याच ओसरीवर होतो. उपासनेत सर्वांसमोर बसणे त्याला आज जड जाईल, कागदाची भीती अजून पुरती सरलेली नाही, हे मला कळते. ओसरीवर यायला मात्र तो कदाचित तयार होईल. उद्या संध्याकाळी मी आधी काकांकडे जाणार आहे आणि दादाला बोलवायला तुम्हीच चला, असे म्हणणार आहे. ते नाही म्हणाले तर दादाकडे मी एकटी जाईन, आणि परवा पुन्हा काकांकडे.