सोलापूरहून रामलिंगला, सिस्टरांच्या पिशवीसोबत

सोलापूरकराला ट्रेकला जायचं म्हटलं की आधी डोंगर शोधावा लागतो. आमचा किल्लासुद्धा भुईकोट. सह्याद्री गाठायचा तर रात्रीचा प्रवास आणि दुसऱ्या दिवशी रजा. म्हणून आमचा गट बालाघाटावर समाधानी असतो. पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन चटकायला लागलं आणि येडशीचं रामलिंग ठरलं.

गटात एक निवृत्त परिचारिका आहेत. नाव कोणी घेत नाही, सगळे सिस्टरच म्हणतात. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी प्रथमोपचाराची पिशवी भरायला बसलो. कॉलेजातला एक पोरगा मोबाईलवरून यादी उतरवून आला होता. तीत उंचीवरच्या त्रासाची गोळी, हात गरम ठेवायच्या पुड्या असला सगळा हिमालयाचा माल. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. बालाघाट त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. सिस्टर म्हणाल्या, "येडशीत ही गोळी कुणाला द्यायची? माकडांना?"

मग त्यांची पिशवी भरली. ओआरएसच्या पुड्या भरपूर. रुंद क्रेप बँडेज, गॉझ, चिकटपट्टी, त्रिकोणी पट्टी, कात्री, चिमटा, हातमोजे, शिट्टी आणि अंगाच्या साबणाची वडी. वर दोन सोलापुरी टॉवेल आणि एक चादर. चादर कशाला, तर दोन काठ्यांवर नीट घडी घातली की माणसाच्या वजनानेच ती आवळली जाते आणि स्ट्रेचर तयार होतं. गाठ मारायचीही गरज नाही. चाटी गल्लीतून पाहुण्यांसाठी चादरी नेणाऱ्या आम्हाला हा उपयोग कधी सुचला नव्हता!

पहाटे निघालो. तुळजापूरचा घाट चढून वर आलं की हवा थोडी बदलते. धाराशिव मागे पडलं, येडशी आली. रामलिंगचं देऊळ दरीत आहे, पायऱ्यांनी खाली उतरायचं. पावसाळ्यात इथे धबधबा बघायला झुंबड उडते. आम्ही गेलो तेव्हा बारीक धार उरली होती, गर्दी नव्हती, त्यामुळे मला तरी बरं वाटलं. रावणाशी झुंजून जखमी झालेला जटायू इथेच पडला, अशी कथा आहे. देवळापाशी भेटलेल्या आजोबांनी ती रंगवून सांगितली: रामाने बाण मारून पाणी काढलं आणि जटायूच्या चोचीत घातलं. आजोबा पुढे गेल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, "पोटाला, छातीला मोठा मार असला की तोंडाने काही द्यायचं नसतं. पण देवाला कोण सांगणार!"

देवळामागून झुडपातली पायवाट धरली. वर एक मेंढपाळ भेटला. साप दिसतात का विचारलं, तर म्हणाला, "हायती की. फुरसं दगडाखालीच असतंय." चावलं तर काय करता? वर दोरी करकचून बांधायची, ब्लेडने चीर द्यायची आणि गावात एक जण मंत्र घालतो. सिस्टर तिथेच दगडावर बसल्या. वाद घातला नाही, शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, अशात चीर दिली तर रक्त थांबत नाही. दोरीने पाय सडायची वेळ येते. चावलेला पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, जोडवी, पैंजण, अंगठी लगेच काढायची, कारण सूज चढली की निघत नाहीत. साप पकडत बसायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींच्या विषावर सरकारी दवाखान्यात एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं. मण्यारचं त्यांनी मुद्दाम सांगितलं: रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊन मिटायला लागतात. मेंढपाळाने ऐकून घेतलं. पटलं की नाही, कळलं नाही. १०८ नंबर मात्र पाठ असल्याचं त्याने म्हणून दाखवलं. त्या दरीत मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे फोन लावायचा तर वर पठारावर यायचं, हे आम्ही तिथेच ठरवून टाकलं.

दुपारी परतीच्या चढावर तोच यादीवाला पोरगा बसला. डोकं दुखतंय, मळमळतंय, पोटऱ्यांत गोळे. त्याला सावलीत आडवं केलं, पाय उंच, बूट काढले. एक टॉवेल ओला करून मानेवर आणि काखेत, दुसऱ्याने वारा. सिस्टर त्याला सारखं बोलतं ठेवत होत्या: नाव काय, आज वार कुठला, नाश्त्याला काय खाल्लंस? आम्हाला म्हणाल्या, "घाम येतो की नाही याच्यापेक्षा बोलणं बघा. बरळायला लागला, झोक जायला लागला की तो उष्माघात. मग गाडी शोधायच्या आधी अंगावर पाणी ओता. शुद्ध नसेल तर तोंडात थेंब घालायचा नाही." पोरगा नीट बोलत होता. ओआरएसची पुडी बरोबर एक लिटर पाण्यात कालवून त्याला घोटघोट पाजली. घाईत अर्ध्या लिटरात घालू नका, मीठ जास्त होतं. अर्ध्या-पाऊण तासात त्याने शेंगाचटणी-भाकरी मागितली, तेव्हा सिस्टर हसल्या.

भाकरी काढली आणि माकडं आली. पोरग्याच्या हातातली कडक भाकरी ओढताना एकाने मनगट ओरबाडलं, बारीक रक्त आलं. साबणाची वडी कशाला होती ते आता कळलं. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पोरगा म्हणाला, "ओरखडाच आहे की!" सिस्टर म्हणाल्या, "रेबीजला तेवढा पुरतो." हळद नाही, चुना नाही, वर पट्टीही नाही.

सोलापुरात शिरल्यावर घरी न जाता गाडी थेट सरकारी दवाखान्यात नेली. जखमेतून रक्त आलं होतं, म्हणून लसीबरोबर जखमेभोवती अँटीबॉडीचं इंजेक्शनही दिलं. हातात कार्ड दिलं: आज, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. पुढच्या महिन्यात नळदुर्ग ठरतोय. तिथल्या तटाला मोहोळं असू शकतात, म्हणून सिस्टरांनी अत्तर लावून यायला बंदी घातली आहे. पोरगा येणारच म्हणतो. सिस्टरांची अट एकच, कार्डावर चारही शिक्के हवेत.