तुम्ही विचारलंत म्हणून: पावणेदोन लाखांच्या गाडीत एक लाखाचं इंजिन

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गेटवर, नाशकातल्या मायको सर्कलच्या सिग्नलला काच खाली करून, सगळीकडे एकच प्रश्न येतो. "अहो, त्या गाडीची किंमत काय आणि तुम्ही इंजिनात घातले किती?" विचारणाऱ्याला दोन्ही आकडे बहुतेक वेळा माहीत असतात. मेव्हण्यांनी ते साऱ्या नात्यात पोचवलेत. मी चुकलो हे माझ्याच तोंडून ऐकायचं असतं, एवढंच. परवा भाच्याने पुन्हा विचारलं, म्हटलं आता लिहूनच काढू.

आकडे आधी सांगून टाकतो. गाडी २००८ ची बोलेरो, डीआय इंजिन, पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंजिन पूर्ण बांधून घेतलं, म्हणजे सगळं खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडलं. खर्च १,०२,४०० रुपये. त्याआधी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने, सायलेन्सरमागे उभं राहून नाकाला रुमाल लावत, १,२५,००० सांगितले होते. काम झाल्यावर त्यालाच पुन्हा दाखवली, तर म्हणाला १,७०,०००. म्हणजे माझ्या एक लाखातले बाजाराने पंचेचाळीस हजारच धरले. त्यातही तो अडखळत होता, कारण या धंद्यात "इंजिन खोललेलं नाही" ही स्तुती आहे. खोललेलं इंजिन म्हणजे काहीतरी भानगड, असा सरसकट समज. विकायची म्हणून कोणी इंजिन बांधत असेल तर त्याने बांधू नये. इथपर्यंत मेव्हणे बरोबर आहेत.

पण मला गाडी विकायची नव्हती. सासुरवाडीची द्राक्षबाग निफाडला. हंगामात क्रेट आणायचे, औषधाचे ड्रम न्यायचे, सासूबाईंना दवाखान्यात आणायचं, शिवाय वर्षातून दोन-चार वेळा कसारा घाट उतरून कल्याणला लेकीकडे. हे सगळं करणारी दुसरी गाडी घ्यायची तर तेव्हा नवीन ऑन-रोड दहा लाखांच्या पुढेच होती. आठ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता १६,८०० च्या आसपास बसतो. माझं अख्खं इंजिन म्हणजे असे सहा हप्ते. सातवा हप्ता मला नाही. दोन-अडीच लाखांत दुसरी जुनी घ्यावी, असंही सुचवणारे होते. पण त्या गाडीच्या पोटात काय आहे ते कोण सांगणार? माझीचं मला पक्कं ठाऊक आहे, मायक्रॉनपर्यंत. ते कसं, तिकडे येतोच.

आधी माझा मूर्खपणा. २०२१ मध्येच गाडी ऑइल खायला लागली होती. सकाळी लवकर सुरू होईना. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या की दाब निसटतो, थंड इंजिन नुसतं खोकत राहतं. धुराचा रंगही बोलतो. काळा असला तर डिझेल पुरतं जळत नाही, निळा असला तर ऑइल जळतंय. माझा निळा होता. मी एका गॅरेजमध्ये गेलो (नाव नको) आणि पहिलाच प्रश्न विचारला, "स्वस्तात किती?" स्वस्तात विचारलं की स्वस्तातलं मिळतं. बावीस हजारांत रिंगा बदलून, हेड घासून गाडी परत. नऊ हजार किलोमीटर गेले आणि पुन्हा निळा धूर. लाइनर म्हणजे सिलिंडरातली नळी, तिच्यात पिस्टन खालीवर होतो. झिजलेल्या लाइनरमध्ये नव्या रिंगा म्हणजे वेड्यावाकड्या बरणीला गोल झाकण. आणि मी माणूस कोण, तर अंबडच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं तपासणी विभागात काढलेला. कंपनीत कोणी माप न घेता पार्ट पुढे पाठवला असता तर मी त्याला सोडला नसता. स्वतःच्या गाडीला एकदाही गेज लावायला सांगितलं नाही.

दुसऱ्या वेळी द्वारकेकडचे एक मिस्त्री सापडले. त्यांनी पैशाचं काही बोलण्याआधी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तेच उलटं करून भोकावर ठेवलं. झाकण तव्यावरच्या लाहीसारखं नाचायला लागलं. "बॅक कॉम्प्रेशन, काका. वरचा दाब खाली ऑइलच्या चेंबरमध्ये येतोय." मग गेज लावला. तिसऱ्या सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा जवळपास शंभर पौंडांनी कमी. "आता रिंगा नाही. करायचं तर पूर्ण, नाहीतर अशीच चालवा आणि ऑइलचा डबा डिकीत ठेवा." तो डबा डिकीत होताच. सातशे किलोमीटरला एक लिटर लागत होतं.

इंजिन उतरलं, खोललं, ब्लॉक टेम्पोत घालून लेथवाल्याकडे गेला. मीही मागोमाग गेलो. एकतर सवय, दुसरं म्हणजे एकदा पोळलो होतो. लेथवाले सत्तरीचे, चष्म्याला दोरी. त्यांनी ब्लॉक पुसला, माझा हात धरला आणि तिसऱ्या लाइनरच्या वरच्या कडेला नख फिरवायला लावलं. नख अडकलं. सरळ पायरीच होती तिथे. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे उष्णता सगळ्यात जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी, म्हणून लाइनर तिथेच झिजतो. त्याच्या वरच्या पट्टीवर रिंग पोचतच नाही, ती कोरी राहते. मग त्यांनी आतला व्यास मोजायचा बोअर गेज आत सोडला. नव्याचं माप ८८.९० मिलिमीटर. खाली ८८.९५ आलं, वर ८९.२२. साडेबारा थाउ, थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाच्या चार-साडेचार केसांइतका खड्डा, आणि त्यात बावीस हजारांच्या रिंगा बसवल्या होत्या. त्यांनी खडूने ब्लॉकवर चारही सिलिंडरची मापं लिहिली. कितीतरी वर्षांनी कोणाचं तरी इतकं सुबक अक्षर बघून मला कंपनीतला इन्स्पेक्शन रिपोर्ट आठवला.

८८.९० हे विचित्र माप का? ते मुळात इंचातलं आहे. साडेतीन इंच बोअर (आतला व्यास), चार इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), चार सिलिंडर, हिशेब करा, बरोबर २५२३ सीसी येतात. हे इंजिन ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर बनवायला घेतले तिकडून आलेलं. म्हणूनच ते अंगाने जाड, आवाजाने राकट आणि दुरुस्तीला मोकळं. आणि म्हणूनच त्याचा सुटा भाग नाशकात सकाळी मागितला तर संध्याकाळी हातात येतो. एक म्हणजे गाडीच मुळी सातपूरला बनते, महिंद्राचा इंजिनाचा कारखाना घाटमाथ्यावर इगतपुरीला, आणि डिझेल फवारणारी नोझल तर आपली मायकोची. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, सर्कल अजून मायकोच. डिझेलचं काम शिकलेले हात या गावात पिढीजात आहेत. हेच इंजिन मी दुसऱ्या एखाद्या गावात बांधलं असतं का, याची मला खात्री नाही.

जुने लाइनर प्रेसवर दाबून काढले, नवे बसवले, होनिंग केलं. होनिंगनंतर लाइनरमध्ये बघा एकदा, आतून तिरप्या रेघांची जाळी दिसते. त्या रेघांत ऑइल धरून राहतं, रिंगा बसतात. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, घासून दहा थाउ उतरवला, त्या मापाची बेअरिंगं घेतली. नटबोल्ट मिस्त्रींनी मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत ठेवले होते, प्रत्येकावर पेनाने "हेड", "चेंबर", "टॅपेट". पेढ्यांचा वास येणारे टॅपेट मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

खर्चाचं म्हणाल तर पिस्टन-लाइनर-रिंगांचा सेट १६,५००, बेअरिंगं ४,८००, गॅस्केट सेट ३,९००, व्हॉल्व्ह, गाईड आणि हेडचं काम ९,२००, लेथचं सगळं मिळून ७,५००, ऑइल-कूलंट-फिल्टर-पाइप-बेल्ट-माउंटिंग ८,७०० आणि मजुरी १५,०००. हे झाले ६५,६००. मिस्त्रींनी पासष्ट सांगितले होते, माणूस शब्दाचा पक्का. उरलेले ३६,८०० गेले ते "उघडलंच आहे तर" या तीन शब्दांवर. उघडलंच आहे तर क्लच, ६,८००. उघडलंच आहे तर ऑइल पंप, वॉटर पंप, ५,६००. टर्बोच्या दांड्यात ढिलाई होती, ११,०००. डिझेल पंप आणि नोझल टेस्टिंगला पाठवले, १३,४००. यातला क्लच अजून दोन वर्षं चालला असता असं मला आजही वाटतं. पण नोझलच्या पैशांबद्दल तक्रार नाही. नोझल फवारा मारण्याऐवजी धार सोडत असेल तर नवा पिस्टनसुद्धा जळून भोक पडतं.

स्वस्त वाटही होती. भंगार बाजारातून अख्खं इंजिन, पंचेचाळीस हजारांत. ते कुठल्या गाडीचं, किती पळालेलं, पाण्यात बुडालेलं की काय, देव जाणे. शिवाय ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो. तो आरटीओत दाखवून आरसी बुकावर चढवावा लागतो, आणि इंजिन कुठून आणलं याचे कागद नसतील तर पुढे विम्यापासून विक्रीपर्यंत सगळं अडतं. मी माझाच ब्लॉक ठेवला, नंबर तोच राहिला. त्याच वर्षी गाडीला पंधरा वर्षं होत होती. पेठ रोडला आरटीओत तपासणी झाली, पाच वर्षांची मुदत वाढली, नूतनीकरणाचे पाच हजार आणि वर पर्यावरण कर भरला. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांच्या बंदीचा जो नियम ऐकता तो त्या भागापुरता आहे, आपल्याकडे एमएच १५ ला लागू नाही. हे मी आठवड्यातून एकदा तरी कोणाला तरी सांगतो.

पीयूसीला धूर आधी ६१ येत होता, या वयाच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजायचं एकक). काम झाल्यावर २४ आला. म्हणून गाडी निर्मळ झाली असं नाही. बीएस-६ गाडीपुढे ती धुराडंच आहे, आणि शहरात रोज शाळा-ऑफिसला फिरवायची असती तर मी हा खर्च केला नसता. शहरात आम्ही स्कूटरवर असतो.

एकतीस हजार किलोमीटर झाले. आधी लिटरला साडेदहा देत होती, आता साडेबारा देते. एवढ्या अंतरात पावणेपाचशे लिटर डिझेल वाचलं, नव्वदच्या भावाने बेचाळीस हजारांच्या वर. ऑइलचे पंधरा-सोळा हजार वेगळे. मी हा हिशेब मेव्हण्यांना ऐकवला आणि ते गप्प बसले. पण खरं सांगायचं तर त्यात थोडी लबाडी आहे. मी तुलना आजारी इंजिनाशी केली आहे, धडधाकट इंजिनाशी नाही. ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही. कृपा करून सांगू नका.

भाच्याची गोष्ट वेगळी. त्याची २०११ ची डिझेल गाडी आहे, रत्नागिरीहून घेतलेली, आणि त्यालाही इंजिन बांधायचंय. मी त्याला आधी गाडीखाली झोपायला लावलं आणि हातात स्क्रूड्रायव्हर दिला. म्हटलं, टोच. तिसऱ्या ठिकाणी तो पत्र्यात आरपार गेला. समुद्राच्या हवेत राहिलेल्या गाडीचं इंजिन बांधणं म्हणजे पडक्या घराला नवा मोटर पंप. वर ती कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरवाली. चार इंजेक्टरचा भाव ऐकून त्याने स्वतःच विषय बदलला. मिस्त्रींचा नंबर मात्र घेऊन गेला.

बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर जपावं लागतं. ओझं नको, रेटून पळवणं नको, पण तासभर उभ्या उभ्या चालू ठेवणंही नको, रिंगा बसत नाहीत. मी त्र्यंबकेश्वरला इतक्या फेऱ्या मारल्या की घरच्यांना वाटलं निवृत्तीनंतर देवभक्ती लागली. हजारला ऑइल बदललं, हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क केले आणि मग गाडी कल्याणला काढली. येताना कसारा चढताना सगळा वेळ माझा एक डोळा तापमानाच्या काट्यावर आणि एक आरशात. आरशात मागच्या ट्रकचं तोंड स्वच्छ दिसत होतं, एवढंच.

आता एकच झालंय. इंजिनाचा आवाज उतरल्यापासून मागच्या दाराची खडखड ऐकू यायला लागली आहे. ती आधीही असणारच.