पापेखाय

९ नोव्हेंबर, आम्स्टलवेन, नेदरलँड्स

एकदाचे ट्यूलिपचे कंद लावून झाले. आणले होते वीस, लागले एकोणीस, कारण विसावा खुरप्याखाली आला. खुरपं नंदुरबारचं, बाबांनी बॅगेत जुन्या टॉवेलात गुंडाळून दिलेलं. इथल्या दुकानातल्या गुळगुळीत दांड्याच्या हत्यारांना ती धार नाही.

दोन फाकी झालेला कंद ओट्यावर आणून नीट पाहिला. वरून तपकिरी पापुद्रा, आत पांढऱ्याशुभ्र पाकळ्यांवर पाकळ्या, थेट कांदाच. पण कांद्यात जिथे हिरवा कोंब असतो तिथे मधोमध गव्हाच्या दाण्याएवढी पिवळसर कळी. वसंतात उमलायचं फूल आत्ताच तयार होऊन बसलंय. आता त्याला फक्त थंडी खायची आहे. बारा-चौदा आठवडे गार माती मिळाली नाही, तर दांडा वर सरकतच नाही आणि फूल पानांतच गुदमरतं.

दिवाळीच्या गडबडीत लावायला उशीर झाला म्हणून मी हळहळत होते, पण शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, उलट बरं झालं. माती उबदार असताना लावले तर बुरशी धरते. पानं भाजल्यासारखी होतात म्हणून त्या रोगाला इथे सरळ 'आग' म्हणतात. आमचं गाव समुद्रसपाटीच्या खाली, हातभर खणलं की ओल लागते. म्हणून खड्ड्यात आधी वाळू घातली, मग कंद टोक वर करून, स्वतःच्या उंचीच्या तिप्पट खोल.

मी कापलेला कंद कचऱ्यात टाकायला निघाले तर आजींनी तो हातातून घेतला आणि मधला पिवळा गाभा नखाने उचकटून काढला. "हा काढून टाकायचा, हा बाधतो." १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मनांनी अन्न तोडलं तेव्हा, त्यांच्या आईने असे कंद शिजवले होते. आजी तेव्हा सहा वर्षांच्या. चव कशी होती, विचारलं. म्हणाल्या, "ओल्या भुशासारखी." आणि फाकी मला परत दिल्या. त्या अजून ओट्यावर आहेत, टाकवत नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाची वडी जमली नाही, लाडूही दगड झाले. वाफ्यात कुणाच्या तरी मांजराने उकरलंय, वर जाळी टाकली.

पाडवा

गुढी खिडकीत उभारली, बाहेर वारा ऐकेना. फुलं पाडव्याला येतील अशी माझी भाबडी समजूत होती. वाफ्यात चार बोटं वर आलेली करडी-हिरवी पानं तेवढी आहेत. समोरच्यांचे साधे लवकरचे ट्यूलिप मात्र शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे रांगेत फुललेत. मी लावलेला 'पॅरट', म्हणजे पोपट, जातीचा ट्यूलिप उशिराचा, एप्रिलअखेरचा. आजींनी त्याचं डच नाव शिकवलं. लिहिताना पापेगाय, पण इथे 'ग'चा घशातून 'ख' होतो. त्यामुळे पोपट म्हणजे पापेखाय. आईला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं नुसती हसत होती.

१९ एप्रिल

काहीतरी बिनसलंय. कळ्या आल्या, पण साध्या ट्यूलिपसारख्या अंड्याच्या आकाराच्या नाहीत. हिरव्या, गाठाळ, एका बाजूला पिळवटलेल्या. कडा आत मुडपलेल्या, मधे फोड आल्यासारखे उंचवटे. हे मी पाहिलंय. ट्यूलिपवर नाही, मिरचीवर. लहानपणी वावरात असं एखादं झाड दिसलं की बाबांचा चेहरा उतरायचा. चुरडा-मुरडा. पानं द्रोणासारखी वळतात, शेंडा आखडतो, आणि एका झाडावरून पसरत जातो.

व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी चष्मा पुसला, फोन जवळ घ्यायला लावला, पान उलटं करून दाखवायला लावलं. "खाली किडे आहेत का गं? फुलकिडे, कोळी?" नव्हते. "तरी उपट. अख्खा वाफा जाईल."

मी हो म्हटलं आणि उपटले नाहीत. एक तर पाच महिने वाट पाहिली होती. आणि खरं सांगायचं तर एक कळी कडेने बघितली की खरंच पोपटाची वाकडी चोच वाटत होती.

२२ एप्रिल

रात्री जागून वाचलं. बाबांच्या नजरेत खोट नव्हती, फक्त पिकाचा इतिहास उलटा निघाला.

रोगट ट्यूलिप होते, आणि तेच सगळ्यात महाग होते. सतराव्या शतकात ज्या फुलांवर इथले लोक वेडे झाले, ती पांढऱ्यावर लाल ज्वाळा उठलेली 'सेंपर ऑगस्टस'सारखी फुलं. ते पट्टे म्हणजे विषाणूचं काम, पसरवणारा मावा. कंद वर्षागणिक कमजोर व्हायचा, म्हणून तो दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून आणखी महाग. फेब्रुवारी १६३७मध्ये हार्लेमच्या लिलावात बोलीला कुणी पुढे येईना आणि बाजार बसला. पट्टे संसर्गाने येतात हे कळायला १९२८ साल उजाडलं. इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांनी पट्टेवाल्या कंदाचा तुकडा साध्या कंदाला जोडून पाहिला, आणि साध्यातही पट्टे उतरले.

आणि माझे हे चुरडलेले, ते मात्र ठणठणीत. यांच्यात विषाणू नाही. साध्या ट्यूलिपच्या कंदात कधीतरी आपोआप बदल होतो, पाकळ्यांच्या कडा वेड्यावाकड्या वाढतात, हिरवा रंग पाकळीतच राहून जातो. नजर असलेला माळी तो कंद वेगळा काढून वाढवतो. 'ब्लॅक पॅरट' हा वाण असाच १९३७चा, माझा 'रोकोको' वाण १९४२चा.

बाबांना हे सगळं सांगितलं. बाजार बसल्याचं ऐकून म्हणाले, "म्हणजे मिरचीसारखंच की." त्यांना आवडली ती वेगळीच गोष्ट. इथल्या शेतांत 'झीकझूकर' म्हणजे रोग शोधणारे लोक असतात. फुलोऱ्यात ओळीओळीने फिरून विषाणू लागलेलं झाड हुडकायचं आणि कंदासकट काढायचं, एवढंच त्यांचं काम. "याचे पैसे मिळतात?" मिळतात म्हटलं. बाबा जरा वेळ गप्प होते. चाळीस वर्षं त्यांनी हे फुकट केलंय.

२९ एप्रिल

उमलले! दांडा जेमतेम वीतभर, त्यावर हे एवढं मोठं, गडद लाल, मधे हिरवी शीर, कडांना पिवळसर धग. पाकळीची कड हाताला ओल्या केळीच्या पानाच्या फाटक्या काठासारखी लागते. सकाळी मिटलेलं असतं. दुपारी ऊन तापलं की पसरून जवळजवळ ताटली होते आणि आतला तळ दिसतो. संध्याकाळी गारवा आला की पुन्हा चोच.

आजींना अजिबात आवडलं नाही. त्यांच्या मते ट्यूलिपने ताठ उभं राहावं. हे म्हणजे झोपेतून उठून केस न विंचरता दारात आल्यासारखं. मला नेमकं तेच आवडलं, पण तेवढं सांगण्याइतकं माझं डच नाही.

एक फूल तोडून पेल्यात ठेवलंय. तोडल्यावरही दांडा वाढतोय. काल रात्री सरळ होतं, आज खिडकीकडे मान वळवून बसलंय.

६ मे

एकोणिसांपैकी अठरा चुरडलेले. एकोणिसावा आज फुलला. सरळ पाकळ्या, गुळगुळीत कडा, आतून लालभडक, बाहेरून जांभळट झाक. मला आधी वाटलं, पाकिटात भलताच कंद आला. मग आठवलं, रोकोको ज्यातून निघाला तो 'कुलर कार्डिनल', १८४५चा, असाच दिसतो. म्हणजे हा गडी मूळपदावर आला.

बाबांना दोन फोटो पाठवले, एक चुरडलेल्यांचा आणि एक याचा. चुरडलेल्यांवर काही नाही. याच्यावर लगेच उत्तर आलं:

"हा एक चांगला निघाला. याचं बी धर."