नोकोडॅझोलची फाईल

कापूस वेचणीच्या दिवसांत मी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी आलो, तेव्हा सोबत सहकाऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेल्या चित्रफितींची हार्ड डिस्क होती. दिवसा विजेचा भरवसा नसल्याने काम रात्री ओसरीवर चाले.

स्वादुपिंडातील एका बीटा पेशीत इन्सुलिनच्या सुमारे दहा हजार कणिका साठवलेल्या असतात. साखर वाढली की प्रामुख्याने ताज्या कणिका बाहेर पडतात. जुन्या मागे राहून अखेर पेशीतच मोडीत निघतात. जुन्या कणिका सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून फारशा धावत नाहीत, हे ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले होते. आमच्या फितींत मात्र तीन दिवसांपूर्वी लाल रंगाने खूण केलेल्या कणिका सरळ रेषेत चालताना दिसत होत्या. नुसत्या भरकटणाऱ्या कणाच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी वेळेच्या प्रमाणात वाढते, तर एका दिशेने जाणाऱ्याची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात. आमचा आलेख वर वळला होता, आणि त्यातच मला शोध दिसला.

त्या रात्री सहकाऱ्याने ‘गरज नाही’ असे नाव देऊन बाजूला टाकलेली फाईल मी उघडली. त्या पेशींना नोकोडॅझोल दिलेले होते. त्याने सूक्ष्मनलिका विरघळतात, म्हणजे धाव थांबायला हवी होती. ती थांबली नव्हती. लाल आणि हिरव्या, जुन्या आणि नव्या, सगळ्या कणिका एकाच वेगाने एकाच दिशेला सरकत होत्या. सरकत होती ती खालची काच. भरल्या बंडीतले कापसाचे गाठोडे बाजारात पोचते, पण चालतो बैल.

काचेला चिकटणारे चमकते मणी घातले असते, तर ही सरक पहिल्याच दिवशी मोजता आली असती. ते घालणे वेळखाऊ वाटून टाळले गेले. तुलनेच्या फायलींना दुय्यम मानण्याची आमच्याकडची सवय मला अक्षम्य वाटते. आता मी प्रत्येक चौकटीत सर्व कणिकांचे सरासरी विस्थापन काढून ते वजा केले, तेव्हा जवळजवळ सगळ्या लाल कणिका जागीच थरथरत राहिल्या.

औषध न दिलेल्या पेशींतील दोन मात्र सरकेच्या उलट दिशेने धावल्या. त्या फिती मी चौकट-चौकट करून पाहिल्या. दोन कणिकांचे मार्ग एकमेकांत मिसळलेले नाहीत. लाल रंग धुताना थोडा उरला असेल, तर त्या जुन्या नसून नंतर बनलेल्या असतील, आणि मणी घालून प्रयोग पुन्हा केला तरी हा प्रश्न मणी सोडवणार नाहीत. म्हणून पुढच्या खेपेस रंग धुण्याची पायरीही मी स्वतः करणार आहे.