झेनचा सायलेन्सर, अपडेट ४: ९२ सेंटिमीटरचा पाइप फसला, पण कामाला आला

मारुती झेनच्या सायलेन्सरचं घुमणं मारायला त्याच्या पाइपाला जे-पाइप, म्हणजे बंद टोकाची एक फांदी जोडली. ती बसली आणि घुमणं जिथल्या तिथं! पाचव्या गिअरमध्ये ८० चा स्पीड धरला की डिकीत ढोल ठेवून कुणीतरी एकाच टिपरूने वाजवायलंय असं वाटतं. काचा वर केल्या की अजून वाईट. मागच्या अपडेटमध्ये "पुढच्या वेळी फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग" असं छातीठोक लिहिलं होतं, ते मागे.

गाडीची सध्याची स्थिती थोडक्यात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) आणि त्याच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर जसाच्या तसा. मधला डबा काढून तिथे दीड इंची सरळ पाइप. मागे ४ इंच जाड, १४ इंच लांब स्ट्रेट-थ्रू डबा (आत भोकाभोकांची सरळ नळी, म्हणजे जाळी, आणि तिच्याभोवती आवाज शोषणारे काचेचे धागे). आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आवाज अगदी हवा तसा, जाड आणि खालचा. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर तर झकास. भांडण फक्त ८० च्या आसपासच्या त्या एका पट्ट्याचं आहे, आणि नेमकं हायवेला तिथंच तासन्‌तास राहायचं असतं.

झेनला टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला फेरे, म्हणजे आरपीएम दाखवणारा काटा) नाही, पण लागतही नाही. फोनवर स्पेक्ट्रम (आवाजात कुठला सूर किती जोरात आहे ते) दाखवणारं फुकट अ‍ॅप मागच्या सीटवर चालू ठेवायचं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन धमाके, म्हणजे हर्ट्झला ३० ने गुणलं की आरपीएम हातात. शेंद्र्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर सगळ्यात उंच टोक ९३ हर्ट्झला आलं, म्हणजे साधारण २८०० आरपीएम. तीन सिलिंडरवाल्यांनी (८००, अल्टो) ४० ने गुणावं.

आता चूक कुठे झाली ते. जे-पाइप म्हणजे मुख्य पाइपाला फुटलेली, टोक बंद असलेली फांदी. लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते. फांदीची लांबी लाटेच्या पाव भागाएवढी असली की परतणारी लाट बरोबर उलटी पडते आणि तो एक सूर खाऊन टाकते. लांबी म्हणजे आवाजाचा वेग भागिले चार वेळा हर्ट्झ. आपण वेग धरला ३४३ मीटर, तो २० अंशाच्या हवेचा. उत्तर आलं ९२ सेंटिमीटर, तेवढा पाइप कापला, जोडला. पण पाइपात काय २० अंशाची हवा असते का राव? तापलेल्या वायूत आवाज जोरात पळतो. शिकलेल्या माणसाने करू नये अशी चूक.

पाइप कापून फेकायच्या आधी एक रेकॉर्डिंग घेतलं ते बरं झालं. तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ४००० आरपीएम सावकाश चढवत नेले आणि स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार सूर कसे बदलतात त्याचं चित्र) पाहिला. इंजिनाची तिरकी रेघ वर चढत जाते आणि बरोबर ११३ हर्ट्झला पुसट होते. म्हणजे पाइप काम करायलाय, फक्त चुकीच्या जागी. ३४०० आरपीएमला, जिथे गाडी कधी थांबतच नाही.

आणि इथे गंमत आहे. चुकलेल्या पाइपानेच खरा वेग सांगितला. चार गुणिले ०.९२ गुणिले ११३, उत्तर ४१६ मीटर प्रति सेकंद. फांदीतल्या वायूचं तापमान त्यावरून साधारण १५५ अंश निघतं. मुख्य पाइपात ते यापेक्षा बरंच जास्त असतं, पण फांदीत प्रवाह नसतो, वायू पडून राहतो आणि निवतो. त्यामुळे मुख्य पाइपाचं तापमान धरून हिशेब केला असता, तर पाइप उलट लांब झाला असता. इंटरनेटवरचे तयार आकडे लोकांना का लागू पडत नाहीत ते इथे कळतं. प्रत्येक गाडीत फांदी कुठे बसते त्यावर तापमान बदलतं. तेव्हा आधी अंदाजाने एक पाइप लावा, खड्डा (जिथे आवाज पुसट होतो तो सूर) कुठे पडतो ते मोजा, मग खरी लांबी काढा.

झेनसाठी: ४१६ भागिले (४ गुणिले ९३), म्हणजे १.१२ मीटर. तीन सिलिंडरच्या गाडीत २८०० ला ७० हर्ट्झ, लांबी जवळपास दीड मीटर. अल्टोखाली एवढी जागा शोधणं हेच मोठं काम.

नव्या पाइपाचं टोक कायमचं बंद करणार नाही. दीड इंची पाइपावर एक इंच पाच सूत बाहेरचा, दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा सरकतो, आतून ३८.३ मिलिमीटर भरतो. त्याचं एक टोक चकती लावून बंद करायचं, दुसऱ्या टोकाला ग्राइंडरने चार चिरा पाडायच्या आणि क्लॅम्प आवळायचा. २ सेंटिमीटर सरकवलं की खड्डा दीडेक हर्ट्झने, म्हणजे ५० आरपीएमने हलतो. वेल्डरकडे दहा फेऱ्या मारण्यापेक्षा हे परवडलं.

जोडताना बाकीच्या गोष्टी. मुख्य पाइपाला पाडायचं भोक फांदीच्या आतल्या मापाएवढं पूर्ण हवं. पहिल्या वेळी वेल्डरने इंचाचं भोक पाडून वर पाइप चिकटवला होता, त्याने असर निम्मा झाला. फांदी मागच्या डब्याच्या आधी काढा. टेलपाइपच्या उघड्या तोंडाजवळ दाब जवळपास शून्य होतो, तिथे फांदी नुसती शोभेची. लांबी पाइपाच्या मध्यरेषेवर मोजा, जाड तार वाकवून. वळणं कापून-जोडून केली तरी चालतात, प्रवाहच नाही तर अडथळा कशाला होणार. आणि बंद टोक मुख्य पाइपापेक्षा वर ठेवा. खाली ठेवलं तर पाणी साचतं, लांबी कमी होते आणि सहा महिन्यांत पाइप आतून कुजतो.

थंड गाडीत पहिली दहा मिनिटं घुमणार, हे धरून चाला. फांदी गार असते, खड्डा खाली २३०० ते २४०० च्या आसपास असतो. गरम झाली की जागेवर येतो.

मालाबद्दल. खाली येणारे ३०४, २०२, ४०९ हे स्टेनलेसचे प्रकार, ३०४ भारी, २०२ स्वस्त. वाळूजला फॅब्रिकेशनवाल्यांकडे कटपीस किलोवर मिळतात, नवीन पूर्ण लेंथ घ्यायची गरज नाही. "३०४ आहे, चुंबक लावून बघा" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. रेलिंगचा २०२ पण चुंबकाला चिकटत नाही. उलट कंपनीचे सायलेन्सर बहुधा ४०९ चे असतात आणि ते चिकटतात. आपल्याला ३०४ सांगून दिलेल्या पाइपाला एका पावसाळ्यात तांबूस डाग आले. सायलेन्सरला २०२ सुद्धा चालतो, फक्त भाव २०२ चा द्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप मात्र नकोच, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो छातीत बसतो.

एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) जुन्या पाइपाला एसएस (स्टेनलेस) जोडायचा असेल तर ३०९एल ची वेल्डिंग दांडी, २.५ मिलिमीटरची, ६०-७० अँपिअरवर. जाड दांडी लावली की १८ गेजच्या पाइपाला भोक पडलंच. सगळं गाडीतून काढून, खाली घेऊन वेल्ड करा, मागे पेट्रोलची टाकी आहे. गाडीवरच टॅक (वेल्डिंगचा ठिपका) मारायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा.

मागचा डबा भरण्याबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं. छताला लावतात ती ग्लासवूल भरू नका. तिच्यातला डिंक जळतो, धागे सुटे होतात आणि जाळीतून उडून जातात. दोन महिन्यांत डबा पत्र्यासारखा वाजतो. ई-ग्लासची (काचेच्या धाग्यांची) सलग दोरी वापरा, लिटरला १०० ते १२० ग्रॅम. आपल्या डब्यात जाळीभोवती २.४ लिटर जागा आहे, म्हणजे पाव किलोच्या जरा वर. जाळीला ३ मिलिमीटरची भोकं, ५ मिलिमीटर अंतरावर, एकाआड एक रांगेत, म्हणजे सुमारे ३२ टक्के उघडी. अंतर वाढवलं की डबा शोषायचं कमी करतो आणि आवाज कर्कश होतो.

ड्रिल घेऊन डब्याला भोकं पाडायचा सल्ला अजून फिरतोय. त्यातून फसफस येते, खर्ज येत नाही. सेन्सरच्या आधी भोक पडलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. आणि केबिनखाली भोक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आत. २ इंची पाइपही नको. १ लिटरच्या इंजिनाला तो ढगळ, गॅसचा वेग पडतो आणि खालची ताकद जाते.

आवाज किती ठेवायचा, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १० हजारांपर्यंत आहे, लायसन्स तीन महिने जाऊ शकतं ते वेगळं. म्हणून मागचा डबा राहणारच, आणि इस्पितळ-शाळेपासून १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं हेही ध्यानात ठेवा.

हे लिहिता लिहिता एक डोक्यात आलं. १.१२ मीटरचा पाइप बंपरच्या मागून आडवा न्यावा लागणार, आणि गावोगावचे स्पीडब्रेकर पाहता तो पहिल्याच आठवड्यात घासणार. त्याऐवजी बंद डबा आणि आखूड मान? बाटलीसारखा, तोही एकच सूर खातो. मान ८ सेंटिमीटर, आतून ३५ मिलिमीटर धरली, तर ९३ हर्ट्झसाठी डबा साडेचार लिटरच्या जरा वर येतो, म्हणजे ऑइलच्या ५ लिटरच्या कॅनपेक्षा लहान. स्पेअर व्हीलच्या शेजारी खालून तेवढी जागा निघते. मान आत-बाहेर सरकवता आली तर ट्यूनिंगही होईल. तेव्हा सरकता पाइप आधी तात्पुरता बांधायचा, खड्डा ९३ वर आणून वेग पुन्हा एकदा तपासायचा आणि त्याच आकड्यावर डबा कापायला द्यायचा. ६ इंची एमएस पाइपाचा १० इंची तुकडा बाजूला काढून ठेवलाय. त्यात साडेचार लिटर बसतात, कमी पडलं तर मान थोडी लांब.